ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल: आलिशान गाड्यांसाठी क्रमवार सर्व्हिस आणि दुरुस्तीची दिशा

आलिशान गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल बदलणं तसं सोपं आहे. त्याची पातळी बरोबर बसवणं हे खरं काम, आणि घोळ होतो तो तिथेच. जुनं ऑईल काढलं, मापून तेवढंच नवं ओतलं, प्लग लावला आणि गाडी बाहेर काढली, असं करून चालत नाही. जुनं ऑईल आधीच कमी असेल तर नवंही कमीच भरलं जातं.

आजच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. पातळी ठरते ती तीन अटी एकाच वेळी पूर्ण झाल्यावर: गाडी समतल, इंजिन चालू आणि ऑईल ठरलेल्या तापमानाला. पुढचा सगळा क्रम या तीन अटींभोवती बांधलेला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका.

हा लेख टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी आहे. म्हणजे बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार, लँड रोव्हर यांच्या अनेक मॉडेलांत असलेला झेडएफ कंपनीचा ८एचपी गिअरबॉक्स, मर्सिडीजचे ७२२.६ आणि ७२२.९, आणि याच जातीचे इतर. डबल क्लचवाल्यांचा (दोन क्लच आळीपाळीने चालणाऱ्या गिअरबॉक्सचा) उल्लेख जिथे फरक पडतो तिथेच केला आहे. प्लग-इन हायब्रिड असेल आणि गिअरबॉक्सकडे नारिंगी केबल जात असेल, तर घरी हात घालू नका. ती हाय व्होल्टेजची केबल आहे.

## टप्पा १: आधी निदान, मग ऑईल

गाडी हिसके देते म्हणून ऑईल बदलायला घेणं ही पहिली चूक. हिसका गिअरबॉक्सचाच असेल असं नाही. इंजिन मिस होत असेल, इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं असेल, प्रॉपेलर शाफ्टचं रबर कपलिंग सैल झालं असेल, तरी सीटवर बसल्या बसल्या अगदी तसाच धक्का जाणवतो.

स्कॅनर लावा. साधा इंजिनपुरता स्कॅनर पुरत नाही, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा हवा, कारण पुढे ऑईलचं तापमान त्यावरच वाचायचं आहे. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, आणि कोड आला त्या क्षणी वेग, तापमान आणि व्होल्टेज किती होतं तेही टिपा.

- पी०७०० हा नुसता निरोप्या कोड आहे. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये काहीतरी नोंदलं गेलंय, एवढंच तो सांगतो. खरा कोड आत शोधावा लागतो.
- पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. आत क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी. नव्या ऑईलकडून इथे चमत्काराची अपेक्षा नको.
- पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचकडे (कन्व्हर्टरला थेट जोडून घसरण थांबवणारा क्लच) बोट दाखवतो.
- पी०२१८ म्हणजे ऑईल जास्त तापलं. पातळी, कूलर आणि कूलरच्या नळ्या आधी पाहा.
- पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. बॅटरी आणि अल्टरनेटर तपासल्याशिवाय गिअरबॉक्सला दोष देऊ नका. कमकुवत बॅटरीवर या गाड्या अनेक खोट्या तक्रारी नोंदवतात.

लक्षणांमध्ये एक ओळखण्यासारखं आहे. सपाट रस्त्यावर, हलक्या अॅक्सिलरेटरवर, स्थिर वेगात असताना रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून चाललोय अशी थरथर येते, आणि पाय किंचित दाबला किंवा उचलला की ती जाते. हा बहुधा लॉक-अप क्लचचा थरथराट. वेळेत ऑईल बदललं तर यात फरक पडण्याची बरी आशा असते. याउलट ‘डी’ला टाकल्यावर बराच वेळ काहीच होत नाही आणि मग धाडकन गिअर पडतो, किंवा चढावर आरपीएम चढतात पण गाडी पुढे सरकत नाही, तर ते दुरुस्तीचं प्रकरण आहे.

> तपासा: क्लच घसरत असल्याचे कोड वारंवार येत असतील तर इथेच थांबा आणि शेवटच्या भागाकडे जा.

कधी बदलायचं, याबद्दल गोंधळ आहे कारण काही कार कंपन्यांनी हे ऑईल ‘लाईफटाईम’ म्हणून सांगितलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. माझं मत स्पष्ट आहे: बनवणाऱ्याचं ऐका. सतत ट्रॅफिक, घाट, ओढून न्यायचा ट्रेलर, कडक उन्हाळा यांपैकी काही असेल तर खालचा आकडा धरा.

## टप्पा २: सामान जमवा, आणि सगळं जमल्याशिवाय बोल्टला हात लावू नका

पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची ऑईलची ताटली) उघडून गाडी स्टँडवर अडकवून ठेवायची आणि मग सील शोधत फिरायचं, हे टाळा.

ऑईल. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेला डबा नको. गिअरबॉक्सचा कोड आणि त्यासाठी मंजूर ऑईलचा क्रमांक जुळवा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही फरक असतो. मर्सिडीजच्या ७२२.९ चंच उदाहरण घ्या: आधीच्या आवृत्तीला २३६.१४ दर्जाचं लाल ऑईल, तर नंतरच्या ‘प्लस’ आवृत्तीला २३६.१५ दर्जाचं निळं. झेडएफ ८एचपीचं लाईफगार्ड ८ हिरवट असतं. रंगावरून ऑईल निवडू नका, पण आतून निघालेला रंग अपेक्षेपेक्षा वेगळा दिसला तर आधीच्या कुणीतरी चुकीचं भरलंय का, याचा विचार जरूर करा.

डबल क्लचमध्ये तर आणखी सावध राहा. पोर्शच्या पीडीके गिअरबॉक्समध्ये क्लचचं ऑईल वेगळं आणि गिअरचं वेगळं असतं. ऑडीच्या सात गिअरच्या ओल्या (ऑईलमध्ये बुडालेल्या) क्लचवाल्या काही एस-ट्रॉनिकमध्येही दोन स्वतंत्र कप्पे आहेत. एक बदलून दुसरं राहून जातं, किंवा एकाचं दुसऱ्यात ओतलं जातं.

किती आणायचं? पॅनमधून निम्म्याच्या आसपास ऑईल निघतं. बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि आतल्या वाटांमध्ये राहतं. तरीही पातळी बसवताना सांडणारं धरून एक-दोन लिटर जास्तीचं जवळ ठेवा.

पॅन आणि फिल्टर. ८एचपीच्या बऱ्याच आवृत्त्यांत प्लॅस्टिकचा पॅन आणि फिल्टर एकच नग असतो. फिल्टर बदलायचा म्हणजे पूर्ण पॅन बदलायचा. जुना पॅन धुऊन परत बसवणं म्हणजे जुना फिल्टर ठेवणं. पॅन पत्र्याचा असेल तर फिल्टर आणि गॅस्केट वेगवेगळे येतात. बोल्टचा नवा संच पॅनबरोबरच मागवा. अॅल्युमिनियमचे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात.

हत्यारं. कमी टॉर्कवर अचूक चालणारा टॉर्क पाना, टॉर्क्स आणि अॅलन बिट, ऑईल ढकलायचा हातपंप आणि नळी, खुणा असलेलं मोजपात्र, बॅटरी सपोर्ट चार्जर, चार मजबूत स्टँड किंवा लिफ्ट, आणि धागे न सुटणारं कापड. सुती चिंधीचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑईलचा दाब वाटून देणाऱ्या भागात) गेला तरी व्हॉल्व्ह अडकू शकतो.

## टप्पा ३: गाडी उचलणं आणि समतल करणं

गाडी नुकतीच चालवून आलेली असू नये. ऑईल तापलेलं असेल तर भाजतं, आणि पुढे पातळी बघायच्या वेळी तापमान मर्यादेच्या वर गेलेलं असतं. काही तास उभी राहू द्या.

एअर सस्पेन्शन असेल तर उचलण्याआधी जॅक मोड चालू करा. नाहीतर गाडी स्वतःहून उंची बदलायला बघते, आणि खाली माणूस असताना हे अतिशय धोकादायक आहे. ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करा.

चारी बाजूंनी सारखी उचला. नुसतं पुढून उचलून केलेलं काम पातळीच्या बाबतीत फुकट जातं. खालच्या चौकटीवर किंवा दाराखालच्या पट्टीवर लेव्हल ठेवून पुढे-मागे आणि आडवं, दोन्ही पाहा.

> इशारा: नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. स्टँड लावल्यावर गाडीला खांद्याने जोर देऊन हलवून बघा, आणि मगच आत शिरा.

## टप्पा ४: आधी भरायचा प्लग सोडवा

या पायरीवर मी हट्टाने जोर देतो. ऑईल काढण्याआधी फिलर प्लग सुटतो का ते पाहा. वर्षानुवर्षं न हललेला प्लग घट्ट बसलेला असतो आणि त्याच्या अॅलनची धार सहज गोल होते. ऑईल काढून टाकलं आणि भरायचा प्लग सुटला नाही, तर गाडी जागेवरच अडकते. खाचेतली माती खरवडून काढा, बिट पूर्ण आत बसवा आणि एकाच सरळ जोराने सोडवा.

प्लग नेमका कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. ८एचपीमध्ये तो बाजूला असतो. ७२२.९ आणि काही डीएसजीमध्ये (फोक्सवॅगन गटाचा डबल क्लच गिअरबॉक्स) ऑईल खालच्याच भोकातून वर ढकलावं लागतं.

## टप्पा ५: ऑईल काढणं आणि आतलं वाचणं

मोजपात्रात काढा. निघालेला आकडा लिहून ठेवा. भरायची मात्रा त्यावरून ठरणार नाही, पण आधी ऑईल कमी होतं का ते त्यावरून कळतं.

ड्रेन प्लगच्या भोकात पातळी ठरवणारी उभी नळी असलेल्या गिअरबॉक्समध्ये एक फसगत ठरलेली. प्लग काढला की थोडंसं ऑईल येतं आणि धार थांबते. लोकांना वाटतं रिकामा झाला. खरं तर आतल्या नळीच्या तोंडावरचंच ऑईल तेवढं आलेलं असतं. ती नळी रचनेनुसार बाहेर काढल्यावर किंवा आत ढकलल्यावर खरं ऑईल येतं. नळी काढलीत तर ती परत बसवायला विसरू नका. तिच्याशिवाय पातळी बसवणार कशी?

पॅनचे बोल्ट कडेकडेने थोडे थोडे सैल करा आणि एक कोपरा आधी खाली येऊ द्या. ड्रेन प्लगमधून धार थांबली तरी पॅनमध्ये बरंच ऑईल शिल्लक असतं.

आता घाई करू नका. पॅनमधले लोहचुंबक बोटाने पुसून पाहा. करड्या रंगाचा, बोटाला गुळगुळीत लागणारा बारीक लेप ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण, चमकणारे तुकडे किंवा सुईसारखे काटे दिसले तर बेअरिंग किंवा गिअर खाल्ले जात आहेत. ऑईल गडद झालेलं चालतं. काळं आणि जळका वास मारणारं असेल तर क्लचची अस्तरं जळली आहेत. दुधाळ, गुलाबीसर ऑईल सगळ्यात वाईट. कूलरमधून कूलंट आत शिरलंय, आणि त्यातल्या ग्लायकॉलने क्लचच्या अस्तराचा चिकटपणा सुटतो. अशा वेळी नवं ऑईल भरून गाडी चालवणं म्हणजे नवं ऑईलही वाया घालवणं. कूलर बदलून गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

> तपासा: फोटो काढा. चुंबकाचा, पॅनच्या तळाचा, आणि पांढऱ्या कागदावर टाकलेल्या ऑईलच्या थेंबाचा. पुढच्या सर्व्हिसला तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.

पॅन खाली असतानाच गळक्या जागा पाहून घ्या. जुन्या सहा गिअरच्या झेडएफ ६एचपीमध्ये मेकॅट्रॉनिकच्या (व्हॉल्व्ह बॉडी आणि कंट्रोल युनिट एकत्र असलेला भाग) वायरिंग सॉकेटभोवतीची प्लॅस्टिकची स्लीव्ह ठरलेली गळते, आणि पॅन उघडा असताना ती बदलणं सोपं जातं. मर्सिडीज ७२२.६ मध्ये सॉकेटच्या ओ-रिंगा थकल्या की ऑईल वायरच्या आतून वर चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं. युनिटचा कनेक्टर काढून पिना पाहा. तिथे ओल दिसली तर बाहेरून कोरडा दिसणारा गिअरबॉक्सही तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सचा घात करतो आहे.

## टप्पा ६: नवा पॅन बसवणं

गिअरबॉक्सची बसण्याची कड कापडाने कोरडी करा. धातूने खरवडू नका. गॅस्केटला सिलिकॉन लावू नका. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून फिल्टरच्या तोंडाशी जातं. जुन्या फिल्टरची ओ-रिंग वर भोकातच चिकटून राहते, ती बोट घालून खात्री करून काढा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की पंप हवा ओढतो.

बोल्ट हाताने लावा, मग मॅन्युअलमधल्या क्रमाने, नसेल तर मधून बाहेर आडवे-तिडवे आवळा. प्लॅस्टिक पॅनच्या बोल्टचा टॉर्क साधारण १० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. ‘अजून जरा’ म्हणून आवळलं की प्लॅस्टिक वाकतं आणि गळती तिथूनच सुरू होते. गाडी गरम झाल्यावर पुन्हा आवळायचंही नसतं.

## टप्पा ७: पातळी बसवणं

वेळ द्यायचा तो इथे. इथे दोन माणसं लागतात. एक ड्रायव्हरच्या सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून आणि स्कॅनर हातात घेऊन, दुसरा खाली. बॅटरी सपोर्ट चार्जर जोडा.

१. इंजिन बंद असताना, फिलर प्लगच्या भोकातून ऑईल बाहेर यायला लागेपर्यंत भरा.

२. इंजिन चालू करा. पंप लगेच ऑईल कन्व्हर्टरकडे खेचतो आणि पॅनमधली पातळी खाली जाते. खालच्या माणसाने पुन्हा भोक वाहेपर्यंत भरायचं.

३. फिलर प्लग हाताने लावून खालच्या माणसाने गाडीबाहेर यायचं. वरच्याने ब्रेक दाबून ‘आर’, ‘एन’, ‘डी’ आणि शक्य असेल तर हाताने पुढचे गिअर टाकायचे. प्रत्येकात काही सेकंद थांबायचं. मग परत ‘पी’.

> इशारा: गाडी स्टँडवर असताना गिअर टाकला जात असेल तेव्हा खाली कोणीही असू नये. चाकं फिरू शकतात. डॅशबोर्डवर स्थिरता नियंत्रणाचे दिवे लागले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते नंतर जातात. गेले नाहीत तर कोड वाचा.

४. आता तापमानाची वाट पाहा. अनेक झेडएफ ८एचपीसाठी तापमानाची खिडकी, म्हणजे ठरलेली मर्यादा, ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, ७२२.९ साठी ४५ च्या आसपास, सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्या डीएसजीसाठी ३५ ते ४५. तुमच्या गिअरबॉक्सचा आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि तोच पाळा. वाचायचं ते गिअरबॉक्सच्या ऑईलचं तापमान. इंजिनाच्या कूलंटचं नव्हे. स्कॅनरवर दोन्ही शेजारी दिसतात आणि चूक हमखास होते.

५. तापमान खिडकीत आलं की, इंजिन चालू आणि गिअर ‘पी’त असताना, प्लग उघडा. काहीच आलं नाही तर ऑईल कमी आहे, वाहेपर्यंत भरा. जोरात धार आली तर जास्तीचं जाऊ द्या. धार बारीक होऊन थेंब पडू लागले की पातळी बसली.

६. इंजिन चालू असतानाच प्लग बंद करा आणि ठरलेल्या टॉर्कवर आवळा. शक्य तिथे सीलची रिंग नवी वापरा.

> इशारा: प्लग उघडा असताना इंजिन बंद करू नका. वर गेलेलं ऑईल पॅनमध्ये परत येतं आणि भोकातून भसाभस बाहेर पडतं. तसं झालं तर मोजदाद संपली. पायरी १ पासून पुन्हा.

तापमानाचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. तापल्यावर ऑईल फुगतं. ७० अंशाला पातळी पाहिली तर फुगलेलं ऑईल जास्त वाटतं, ते बाहेर सोडलं जातं, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी. मग वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतो. थंड असताना पाहिली तर उलट, जास्त भरलं जातं. फिरत्या भागांनी ते घुसळून फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. दोन्हीकडून नुकसान क्लचचंच. खिडकी हुकली, तापमान वर गेलं, तर इंजिन बंद करा, प्लग लावलेला ठेवून गाडी थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. ‘जवळपास आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

## टप्पा ८: अॅडॅप्टेशन आणि पहिली फेरी

गिअरबॉक्सचं युनिट क्लचच्या झिजेनुसार दाब आणि वेळ शिकत जातं. हे शिकलेलं पुसायचं की नाही, ते उत्पादकाच्या पद्धतीनुसार ठरवा. ऑईल बदललं म्हणजे दरवेळी पुसलंच पाहिजे असं नाही, पण मेकॅट्रॉनिक किंवा क्लच बदलला असेल तर पुसून शिकवावंच लागतं. पुसल्यानंतर पहिले काही गिअर रांगडे पडतील. त्या वेळी गाडी दामटवू नका.

ऑईल नीट गरम झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर, हलक्या आणि स्थिर अॅक्सिलरेटरवर सगळे गिअर एकेक करून वर जाऊ द्या. मग ब्रेक न मारता पाय उचलून वेग आपोआप उतरू द्या. हे काही वेळा करा. स्पोर्ट मोड, झटक्याने दाबणं, क्रूझ कंट्रोल या फेरीत नको.

परत आल्यावर कोड पाहा, पॅनची कड आणि दोन्ही प्लग कोरड्या कापडाने पुसून ओल बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून थेंब तपासा.

## फ्लशिंग मशीन, आणि ‘नवं ऑईल घातलं म्हणून गिअरबॉक्स गेला’

मशीनने सगळं ऑईल एका फेरीत बदलतं हे खरं. पण वर्षानुवर्षं न उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये ते मला पटत नाही, विशेषतः क्लिनर घालून करणार असतील तर. पॅन आणि फिल्टरसह साधा बदल करा, काही हजार किलोमीटर चालवून पुन्हा एकदा करा. प्रत्येक वेळी जुन्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली येतं, आणि मधल्या काळात चुंबकांवर काय जमलं तेही पाहायला मिळतं.

नव्या ऑईलने गिअरबॉक्स मेला असं ज्यांच्या बाबतीत घडतं, त्यांच्या गाडीचे क्लच बहुधा आधीच घसरत होते, किंवा पातळी चुकीची बसली होती. टप्पा १ आणि टप्पा ७ नीट केले तर ही वेळ टळते.

## दुरुस्ती: घरी कुठपर्यंत, आणि बाहेर काय विचारायचं

बाहेरची गळती, सॉकेटची स्लीव्ह, ओ-रिंग, पॅन, कूलरच्या नळ्या, माउंटिंग हे अनुभवी हाताला घरी जमतं. व्हॉल्व्ह बॉडी उघडायची असेल तर टेबलावर पुठ्ठा घेऊन बोल्टच्या जागा आखा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. मेकॅट्रॉनिकच्या पिनांना उघड्या बोटाने स्पर्श करू नका, स्थिर विजेने सर्किट जातं. अर्थिंगचा पट्टा मनगटाला लावा.

मेकॅट्रॉनिक किंवा कंट्रोल युनिट बदललं की प्रोग्रॅमिंग आलंच. ७२२.९ चं युनिट चोरीविरोधी यंत्रणेशी बांधलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या गाडीतून काढलेलं नुसतं बसवून गाडी चालत नाही. विकत घेण्याआधी कोडिंग कोण करणार ते ठरवा.

पूर्ण ओव्हरहॉल वर्कशॉपकडे देताना चार गोष्टी लेखी घ्या. टॉर्क कन्व्हर्टर बदलणार किंवा उघडून दुरुस्त करणार का? जुन्या कन्व्हर्टरमधला चुरा नव्या क्लचमध्ये जातो. कूलर बदलणार का, निदान नळ्यांसह धुणार का? बिघाडाचं मूळ कारण काय सापडलं, आणि जुने भाग दाखवणार का? शेवटी पातळी कोणत्या तापमानाला तपासली आणि अॅडॅप्टेशन झालं का, याची नोंद बिलावर येणार का?

गाडी तिथे न्यायची असेल तर फ्लॅटबेडवर न्या. ओढणारी चाकं जमिनीवर ठेवून टो केलं, तर इंजिन बंद असल्यामुळे पंप चालत नाही आणि आतले भाग ऑईलशिवाय फिरतात. चारी चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर एक्सलही उचलून भागत नाही. चारी चाकं वर हवीत.